बँकॉकचं जुनं शहर एका दिवसात: ऊन, गर्दी आणि ट्रॅफिकला बगल देऊन

बँकॉकला निघालेल्या मराठी कुटुंबाची एका दिवसाची यादी बहुतेक वेळा अशी असते: पहाटे तरंगता बाजार, मग राजवाडा, मग दोन-तीन बुद्धमंदिरं, दुपारी मॉल, संध्याकाळी नदीवरची क्रूझ आणि रात्री चायनाटाउन. यातलं प्रत्येक ठिकाण बघण्यासारखं आहे, पण सगळी एकाच दिवशी उरकायला गेलात तर एकही धड बघून होत नाही. दम्नोएन सदुआकचा प्रसिद्ध तरंगता बाजार शहरापासून जवळजवळ शंभर किलोमीटरवर आहे, त्याला वेगळा दिवस द्या. मॉल कुठे पळून जात नाहीत.

हा लेख फक्त जुन्या शहरापुरता आहे. १७८२ साली पहिल्या राम राजानं चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी हलवली तो भाग, त्याच्या समोरचा काठ आणि शेजारची चिनी पेठ. अंतरं किरकोळ आहेत. घोळ होतो तो क्रमात. राजवाडा दुपारी, चायनाटाउन चार वाजता आणि मधला प्रवास टॅक्सीनं, असा बेत केला की दिवस संपला म्हणून समजा. क्रम असा ठेवा: सकाळी साडेआठच्या ठोक्याला राजवाडा, मग वाट पो ('वाट' म्हणजे देऊळ किंवा विहार), बारा ते तीन सावली, त्यानंतर नदी आणि अंधार पडल्यावर चायनाटाउनचा याओवारात रस्ता. आणि शक्यतो रस्त्यानं जाऊच नका. बोटीनं जा, भुयारी मेट्रोनं जा, उरलेलं पायी.

आदल्या रात्रीची तयारी

हॉटेल घेताना एमआरटी या भुयारी मेट्रोच्या निळ्या मार्गाजवळचं बघा. २०१९ साली हा मार्ग जुन्या शहरात पोचला आणि साऩाम चाय स्टेशन सुरू झालं. त्याआधी इथे यायला बस, टॅक्सी नाहीतर बोट एवढेच पर्याय होते. सुखुमवित भागात उतरला असाल तर तिथूनही हाच मार्ग थेट जातो. सिलोम-साथोर्नकडे असाल तर साफान ताक्सिन स्टेशनखालच्या साथोर्न धक्क्यावरून बोट घ्या. नारिंगी झेंड्याची बोट साध्या प्रवाशांची, भाडं १६ बाटच्या आसपास. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, तिचं भाडं दुपटीहून जास्त. नदी दोघींतूनही सारखीच दिसते.

कपडे हा मुद्दा आपल्याकडचे लोक हलक्यात घेतात. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. हाफ पँट, थ्री-फोर्थ, बिनबाह्यांचा टॉप, फाटक्या फॅशनची जीन्स, काहीच चालत नाही आणि दारावरचे पहारेकरी कुणाचं ऐकत नाहीत. बाहेर लगेच हत्तीच्या नक्षीच्या ढगळ विजारी विकायला असतात, म्हणजे अडचण सुटते, पण रांगेतला वेळ जातो. बायकांना सुती सलवार-कुर्ता, पुरुषांना पातळ सुती फुल पँट. एवढ्यात उन्हाचाही बंदोबस्त होतो. पायात सहज निघणारी चप्पल किंवा फ्लोटर्स घाला, कारण दिवसभर बूट काढा-घाला करायचेत.

पैशांचं म्हणाल तर एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. एटीएममधून काढलेत तर तिथली बँक परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशे बाटहून जास्त आकारते, म्हणून थोडे थोडे काढू नका. रोख बदलायची असेल तर सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडण्याच्या मजल्यापेक्षा अगदी खाली, एअरपोर्ट रेल लिंकजवळच्या खिडक्यांवर दर सहसा बरे मिळतात. वीस आणि शंभरच्या नोटा जवळ ठेवा. देवळांची तिकीटखिडकी आणि खाण्याचे ठेले हजाराची नोट बघून खूश होत नाहीत.

पाण्याची बाटली, टोपी, छोटी छत्री आणि ओआरएसच्या दोन पुड्या पिशवीत टाका. एप्रिल-मेमध्ये गेलात तर पुड्या चार. इथलं ऊन आकड्यात मुंबईइतकंच दिसतं, पण राजवाड्याच्या फरसबंदीवर ते वरूनही लागतं आणि खालूनही.

थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. म्हणजे तिथले साडेसहा हे आपल्या शरीराचे पहाटेचे पाच. ज्या दिवशी उतरलात त्याच्या दुसऱ्याच सकाळी हा बेत आखू नका, निदान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना तरी नको.

सकाळ: साडेसातला हॉटेल सोडा

नाश्ता लवकर उरकून साडेसातला मेट्रोत बसा. निळ्या मार्गाच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं. तुमचं कार्ड चाललं नाही तर मशीनमधून काळ्या प्लास्टिकचं गोल टोकन मिळतं: आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. बीटीएस ही पुलावरून धावणारी गाडी वेगळ्या कंपनीची, तिचं तिकीट वेगळं. दोन्हीकडे एकच तिकीट चालेल या समजुतीवर राहू नका.

बरोबर आठ वाजता स्टेशनात असाल तर ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागेल आणि धावपळीतला अख्खा जमाव जागच्या जागी थांबेल. तुम्हीही थांबा. मिनिटभरात सगळं पुन्हा सुरू होतं. संध्याकाळी सहाला हेच परत. राजघराण्याबद्दल मस्करी, नोटेवर पाय देणं, फोटोकडे बोट दाखवून हसणं हे मात्र कटाक्षानं टाळा. तिथला कायदा याबाबत खरोखर कडक आहे.

साऩाम चाय स्टेशन घाईत असलात तरी वर मान करून बघा. दरबारासारखे खांब, लाल-सोनेरी छत. वर आलात की राजवाड्याचं प्रवेशद्वार उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. पांढऱ्या भिंतीच्या कडेनं वीसेक मिनिटांची चाल.

याच चालीत तुम्हाला तो माणूस भेटेल. इस्त्रीचा शर्ट, गोड इंग्रजी, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. "कुठून आलात? इंडिया? व्हेरी गुड. पण आज राजवाडा बंद आहे, धार्मिक कार्यक्रम आहे, दुपारी एकनंतर उघडेल." मग तो तुमच्या नकाशावर दोन-तीन देवळांवर खुणा करतो आणि योगायोगानं तिथेच एक टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, उभी असते, वीस बाटमध्ये सगळं फिरवायला तयार. देवळं दाखवतात, आणि मधे रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवतात. कमिशन त्यांचं तिथं आहे. अनेक वर्षं हाच खेळ चालू आहे, गेटाजवळ ध्वनिक्षेपकावरून सावधही करतात, तरी रोज कुणीतरी अडकतंच. उपाय एकच: हसून मान हलवा आणि थेट गेटापर्यंत चालत राहा. बंद आहे की उघडं, हे फक्त गेटावरच कळतं.

राजवाडा आणि वाट फ्रा केओ: साडेआठ ते साडेदहा

परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. सर्वसाधारणपणे साडेआठला उघडतं आणि साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं. राजघराण्याच्या समारंभांमुळे काही भाग बंद असू शकतो, म्हणून आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या. नऊ-साडेनऊनंतर टूरच्या बसेस यायला लागतात आणि मग झेंड्यामागून चालणाऱ्या घोळक्यांत तुम्हीही वाहत जाता. पहिला अर्धा तास सोन्याचा आहे.

आत शिरल्यावर बहुतेक जण सोनेरी स्तूपासमोर फोटोंत अडकतात. तुम्ही आधी पाचूबुद्धाच्या मंदिरात, म्हणजेच वाट फ्रा केओमध्ये जा, रांग वाढायच्या आत. मूर्ती अवघी ६६ सेंटिमीटरची, उंच सिंहासनावर, हिरव्या जेडची. नाव पाचूचं असलं तरी दगड पाचू नाही. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ते बदलण्याचा मान खुद्द राजाचा. आत फोटो काढायला बंदी. बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे करू नका. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, पण पाय दुखले की विसरायला होतं.

नंतर मात्र वेळ द्यायचा तो परिसराभोवतीच्या ओवरीला. इथे भिंतीवर १७८ चित्रांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. मराठी माणसाला बँकॉकमध्ये याहून जवळचं काही मिळणार नाही, आणि गंमत म्हणजे आपले बहुतेक टूरवाले ते दहा मिनिटांत गुंडाळतात. उत्तरेच्या बाजूनं सुरुवात करा आणि देवाला प्रदक्षिणा घालतो तसं, उजव्या हाताला चालत जा. वानर कोणता, राक्षस कोणता हे ओळखायला गाइड लागत नाही. हनुमान पांढरा. हिरव्या तोंडाचा तो तोसकान, म्हणजे आपला दशकंठ. एका ठिकाणी हनुमानानं आकाशाएवढं रूप घेतलंय आणि रामाची अख्खी छावणी तोंडात धरून बसलाय, महिरावणानं रामाला पळवू नये म्हणून. अहिरावण-महिरावणाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कुणाच्याही हे चटकन लक्षात येईल. सोनेरी वर्खात काढलेले दात, आत चिमुकला मंडप, पहाऱ्यावर पेंगणारे वानर: जवळ जाऊन बघा. बाकी कथेत धक्के भरपूर आहेत. इथली सीता रावणाचीच मुलगी निघते आणि हनुमान ब्रह्मचारी तर अजिबात नाही. मत्स्यकन्येसकट त्याची बरीच प्रकरणं आहेत. आजीला हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

दारांवर उभे असलेले बारा राक्षसही याच कथेतले. राजवाड्याच्या इमारती बहुतांशी बाहेरूनच बघायच्या, त्यात वीस मिनिटांहून जास्त घालवू नका. साडेदहापर्यंत बाहेर पडा.

वाट पो: मला विचाराल तर दिवसातलं सगळ्यात चांगलं ठिकाण

राजवाड्याच्या दक्षिणेला दहा मिनिटांवर वाट पो आहे, तिकीट ३०० बाट. शयनमुद्रेतला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि दालन त्याच्याभोवती इतकं अंगालगत बांधलंय की मूर्ती एका नजरेत मावत नाही. खांबांच्या फटींतून तुकड्यातुकड्यानं दिसते: आधी चेहरा, मग कोपर, मग सोन्याची लांबच लांब कड. गर्दी चेहऱ्यापाशी असते. तुम्ही पायांकडे जा. तळव्यांवर काळ्या पार्श्वभूमीवर शिंपल्याच्या जडावानं १०८ शुभचिन्हं केली आहेत. मागच्या बाजूला भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलेली आहेत. वीस बाट देऊन सुट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. टणटण आवाज दालनभर चालू असतो. मुलं यात रमतात.

बुद्ध बघून लोक लगेच निघतात आणि उरलेलं आवार रिकामं राहतं. तिथे झाडं आहेत, ओट्यांवर सावली आहे, चिनी टाइल्सनी मढवलेले स्तूप आहेत. तिसऱ्या राम राजाच्या काळात इथे वैद्यक, मालिश, काव्य अशा विषयांचं ज्ञान शिळांवर कोरून ठेवलं, ज्याला वाचायचं त्यानं येऊन वाचावं म्हणून. त्या शिलालेखांची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली आहे. योगासनांसारख्या आसनांत बसलेले दगडी ऋषीही दिसतील. थाई मालिशची परंपरा याच देवळाशी जोडलेली, आणि आवारात मालिश केंद्र अजून चालतं. बाहेरच्यापेक्षा दर चढे, पण चार तास चालून झाल्यावर अर्ध्या तासाची मालिश वसूल होते. आधी नाव नोंदवा आणि मग देऊळ बघा, म्हणजे वाट पाहावी लागणार नाही. दाब जोरात देतात; कंबर-गुडघ्याचं दुखणं असेल तर आधीच सांगा.

दुपार: बारा ते तीन काहीही बघायचं नाही

हे वाचून कुणी तरी म्हणणार, एवढे पैसे खर्च करून आलो आणि तीन तास बसून राहायचं? हो. हेच तीन तास उन्हात घालवले की संध्याकाळी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

दोन पर्याय आहेत. एक, ता तिएन धक्क्याच्या आसपास एसी असलेल्या खानावळीत जेवण आणि नंतर थंड काहीतरी. दुसरा, शाकाहारी किंवा घरच्या चवीसाठी आसुसलेल्यांना जास्त सोयीचा: साऩाम चायहून एकच स्टेशन पुढे साम योत, तिथून थोडं चालून पाहुरात. ही बँकॉकची हिंदुस्थानी पेठ. कापडाची दुकानं, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, गल्लीत पंजाबी आणि गुजराती चवीची हॉटेलं, चहा. पोळी-भाजी, डाळ-भात बिनधास्त मिळतो.

शाकाहारींसाठी चार गोष्टी नीट समजून घ्या, कारण "व्हेज" म्हटल्यावर समोरचा मान हलवतो आणि तरी ताटात मासळीचं पाणी येतं. थाई स्वयंपाकात मीठ म्हणून नाम प्ला, म्हणजे माशाचा अर्क घालतात. सोम तम या पपईच्या कोशिंबिरीत सुका जवळा असतो, पाद थाय नूडल्समध्येही. परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस. म्हणून मांस नको एवढं सांगून भागत नाही. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा अर्क घालू नका, "माय साय खाय" म्हणजे अंडं घालू नका. वाक्याच्या शेवटी पुरुषांनी "ख्राप" आणि बायकांनी "खा" जोडलं की ते विनंतीसारखं वाटतं. सगळ्यात सोपं म्हणजे "जे" म्हणा आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतली खूण शोधा; ती इंग्रजी आकडे १ आणि ७ शेजारी ठेवल्यासारखी दिसते. हा चिनी बौद्धांचा कडक शाकाहार, त्यात अंडं-दूधच काय, कांदा-लसूणही नसतो. जैन मित्रांना बरोबर न्यायचं असेल तर हा शब्द पाठ करून ठेवा.

मांसाहारी असाल तर तुमची चैन आहे. फक्त बीफ-पोर्क चालत नसेल तर "माय आव नुआ, माय आव मू" म्हणा. डुकराचं मांस इथे अगदी साध्या वाटणाऱ्या सूपमध्येही असतं.

वाट अरुण: साडेतीननंतर

ता तिएन धक्क्यावरून पलीकडे जायला पाच बाटची नाव आहे. तीनेक मिनिटांचा प्रवास, आणि दिवसातला सगळ्यात स्वस्त आनंद. धक्क्यावर कुणी "खास बोट" म्हणून शेकडो बाट मागायला लागलं तर पुढे चला. पलीकडे जाणाऱ्या साध्या नावेची खिडकी वेगळी असते.

अरुणाचं नाव असलेलं हे देऊळ सकाळी बघावं असं वाटतं, पण सकाळी राजवाडा सोडला तर राजवाडा हातचा जातो. दुपारी चारच्या सुमाराला ऊन कलतं आणि पांढऱ्या मनोऱ्यावरचं काम उठून दिसतं. लांबून कोरीवकाम वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की ते चिनीमातीच्या बश्या आणि वाट्यांचे तुकडे आहेत, पाकळ्या करून बसवलेले. एखादी अख्खी बशीही सापडते. चीनहून येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भरलेला हा माल. पाचूबुद्ध राजवाड्यात जाण्याआधी इथेच होता. तिकीट २०० बाट.

थाई राजवस्त्रं भाड्यानं घेऊन फोटो काढणाऱ्यांची इथे झुंबड असते. तुम्हाला हौस असेल तर घ्या, पण तासभर त्यात जातो हे धरून चाला. पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालीच बसावं, बश्या खालूनही दिसतात.

सव्वापाचच्या सुमाराला नावेनं परत या. सूर्यास्त वाट अरुणमधून दिसत नाही. तो दिसतो समोरच्या ता तिएन काठावरून, मनोऱ्याच्या मागे. गच्चीवरच्या कॅफेंत जागा आधीच भरलेल्या असतात आणि पेयांचे दर चढलेले. धक्क्याजवळ उभं राहिलं तरी तेच आकाश.

संध्याकाळ: फुलबाजारातून याओवारातकडे

काठाकाठानं दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की पाक ख्लोंग तलात, शहराचा मोठा फुलबाजार. चोवीस तास चालू. दादरच्या फुलबाजाराची आठवण येणारच: झेंडूच्या राशी, मोगऱ्याच्या कळ्या, बर्फाच्या पेट्या, वाटेतून जाणाऱ्या हातगाड्या. वेगळं आहे ते माळा गुंफणं. बोटभर जाडीचा गोफ, कळी कळीला चिकटवून इतका घट्ट केलेला की तो गळ्यात घालायचा नसतो. हातावर किंवा देवासमोर ठेवायचा. एखादी बाई गुंफत बसली असेल तर विचारून बघत उभे राहा, हाकलत नाहीत.

इथून साऩाम चाय स्टेशन जवळ आहे. दोन स्टेशनं पुढे वाट मंगकोन, म्हणजे थेट चायनाटाउनच्या पोटात. टॅक्सीनं यायचा मोह टाळा. या वेळेला याओवारात रस्त्यावर गाड्या सरकत नाहीत आणि मीटर सरकतो.

सहा-सातनंतर ठेले लागतात. सोमवारी बरेच बंद असतात, त्यामुळे हा बेत शक्यतो सोमवारी नको. एका कडेनं जायचं, दुसऱ्या कडेनं परत यायचं, आणि पहिल्याच ठेल्यावर पोट भरायचं नाही. भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस, नारळाचं आइस्क्रीम, पा थोंग को ही पिठाची गरम तळणी, आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. हे सगळं शाकाहारीही खाऊ शकतात, फक्त तळणीचं तेल कुठलं ते विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ-दहा दिवस जे-उत्सव असतो, तेव्हा अख्खा रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो. शाकाहारींना याहून चांगला मुहूर्त नाही. पदपथ अरुंद आहे. मुलांचा हात धरा, पाकीट पुढच्या खिशात, आणि घरच्यांशी चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते स्टेशनातून बाहेर पडतानाच ठरवा: दार क्रमांकासकट.

लाल भिंतींची सोन्याची दुकानं लागली की बायकांची पावलं मंदावतील, आणि काही वेळा पुरुषांचीही. बघायला हरकत नाही, पण हिशेब समजून घ्या. इथे सोन्याच्या वजनालाही बाटच म्हणतात; एक बाट म्हणजे १५ ग्रॅमहून थोडं जास्त, आपल्या तोळ्यापेक्षा मोठा. शुद्धता साडेशहाण्णव टक्के, म्हणजे आपल्या बावीस कॅरटच्या वर. फलकावरचा भाव वजनाच्या बाटचा असतो, ग्रॅमचा नव्हे. परतताना भारतीय कस्टम्सचे नियम लागतातच, तेव्हा "स्वस्तात मिळालं" हे घरी पोचल्यावर ठरवा.

शेजारच्या वाट त्राइमितमधला साडेपाच टन सोन्याचा बुद्ध या वेळेपर्यंत बंद झालेला असतो. १९५५ साली हलवताना त्यावरचा गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं, अशी त्याची कथा. बघायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, किंवा आजच्या बेतातून वाट अरुण काढा. दोन्ही बसवू नका.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर राजवाडा गाळून फक्त वाट पो, नदी आणि फुलबाजार एवढंच ठेवा. त्यांचा दिवस तुमच्यापेक्षा चांगला जाईल.

मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते; साडेदहाला निघालात तर बसायलाही जागा मिळते. टुकटुकची हौस राहिली असेल तर आता, रस्ते मोकळे झाल्यावर भागवा, भाडं बसण्याआधी ठरवून. आणि ड्युरियन हे उग्र वासाचं फळ घेतलं असेल तर ठेल्यासमोरच उभं राहून संपवा. बहुतेक हॉटेलांच्या दारावर त्याच्या चित्रावर लाल फुली असते.